झेंडे निरनिराळे, पत्रकं एकसारखी

प्रश्न : बाई, माझे आजोबा शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. खटारा सोडून दुसऱ्या चिन्हावर त्यांनी कधी शिक्का मारला नाही. वडील काँग्रेसचे. मी दोन्हीकडच्या आघाड्यांना मतं देऊन पाहिली. आता घरी आलेल्या पत्रकावरचा फोटो अंगठ्यानं झाकला, तर कुठलं पत्रक कुणाचं हे सांगता येत नाही. जन्मभर एकमेकांच्या विरोधात लढणारे पक्ष पुढं पुढं असे सारखे का होत जातात? सगळेच चोर, असं म्हणून सोडून द्यायचं का?
— सोयाबीन पिकवणारा एक शेतकरी, सोनपेठ तालुका, जि. परभणी

उत्तर : सोडून देऊ नका. सगळेच चोर म्हटल्यानं मन मोकळं होतं, पण काही उलगडत नाही. चांगले, अभ्यासू, स्वच्छ हाताचे नेतेही याच वाटेनं गेलेले आहेत. कारण माणसांच्या दानतीत थोडं आणि ज्या मैदानावर ते लढतात तिथं जास्त आहे.

तुमच्याच पिकाचं बघा. २०२४ च्या खरिपाला केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल ठरवला होता आणि मोंढ्यात भाव त्याच्या बराच खाली होता. विधानसभेच्या प्रचारात मी परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर बसले होते. हमाल पोत्यात बंबू खुपसून मूठभर दाणे काढायचा, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकायचा, आकडा आला की आडत्या मान हलवायचा आणि शेतकऱ्याचा चेहरा पडायचा. बाहेर रस्त्यावर प्रचाराचे दोन ऑटो. एकाच्या भोंग्यातून सोयाबीनला ६,००० रुपये, दुसऱ्याच्या भोंग्यातून ७,००० रुपये. खरेदी केंद्रं किती उघडणार, बारदाना म्हणजे रिकामी पोती कुठून आणणार, माल ठेवायला गोदाम कुठं आहे, बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलाचं काय करणार, यातलं एका अक्षरानंही कुठल्याच भोंग्यातून काही आलं नाही. निवडणूक झाल्यावर खरेदी केंद्रांवर बारदान्यासाठीच खोळंबा झाला, हे तुम्ही भोगलेलं आहे.

हे असं का होतं, याचा हिशोब हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९२९ साली मांडून ठेवला आहे. समजा, एक लांब सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी सारखी वस्ती आहे आणि रस्त्यावर चहाच्या दोन टपऱ्या आहेत. लोकांच्या सोयीनं बघाल तर एक टपरी अलीकडच्या टोकाकडे हवी, दुसरी पलीकडच्या, म्हणजे कुणालाच फार चालावं लागणार नाही. पण अलीकडचा टपरीवाला थोडा मधल्या बाजूला सरकला, तर त्याचं मागचं गिऱ्हाईक तुटत नाही आणि पुढचं थोडं जास्तीचं मिळतं. मग पलीकडचाही सरकतो. शेवटी दोघं रस्त्याच्या मधोमध एकमेकांना खेटून उभे राहतात. हॉटेलिंगनं त्याच लेखात अमेरिकेतल्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांचं उदाहरण दिलं होतं. पुढे १९५७ मध्ये अँथनी डाउन्स यांनी त्यावरच निवडणुकीचा सगळा सिद्धांत उभा केला : दोन पक्षांची लढत असेल, तर दोघंही मधल्या मतदाराच्या मागे लागतात.

यातला ‘मागचं गिऱ्हाईक तुटत नाही’ हा भाग वर्गात शिकवताना मी नेहमी दोनदा सांगायचे. तुमच्या आजोबांसारखा एकनिष्ठ मतदार म्हणजे ते मागचं गिऱ्हाईक. तो कुठं जाणार नाही, हे पक्षाला पक्कं माहीत असतं. म्हणून त्याच्यासाठी कुणी काही करत नाही. सगळी धडपड कुंपणावरच्या माणसासाठी, आणि कुंपणावरचा माणूस दोन्ही पक्षांना एकच. मग पत्रकं वेगळी कशी निघतील?

मधल्या मतदाराला काय आवडतं, हे तर एकानं करून दाखवलं की दुसऱ्याला लगेच कळतं. मध्य प्रदेशात भाजपनं २०२३ मध्ये लाडली बहना आणली. त्याच वर्षी कर्नाटकात काँग्रेसनं गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये सुरू केले. २०२४ मध्ये महाराष्ट्रात महायुतीची लाडकी बहीण आली, १,५०० रुपयांची. निवडणुकीत महायुती म्हणाली २,१०० करू, महाविकास आघाडी म्हणाली महालक्ष्मी योजनेत ३,००० देऊ. बाईच्या हातात स्वतःचे पैसे येणं मी कमी लेखत नाही. आमच्या गल्लीत भांडी घासणाऱ्या बाईनं त्या पैशांतून पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बँकेचं पासबुक भरून घेतलं, ते तिनं मला येऊन दाखवलं. पण दोन विरोधी आघाड्यांमध्ये वाद उरला तो फक्त रकमेचा, एवढंच मला दाखवायचं आहे. शेतीच्या विजेचंही तेच. २००४ मध्ये शिवसेनेनं मोफत विजेचं आश्वासन दिलं, तर त्या वेळच्या काँग्रेस आघाडी सरकारनं निवडणुकीच्या तोंडावर ती जाहीरच करून टाकली आणि निवडून आल्यावर पुढच्या वर्षी गुंडाळली. वीस वर्षांनी महायुतीनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना तीच दिली.

आता तुमच्या आजोबांच्या पक्षाकडे येते, कारण हे दुखणं आजचं नाही. काँग्रेस शेतकऱ्यांची राहिली नाही म्हणून केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष उभा केला. १९५० च्या दाभाडी प्रबंधात पक्षानं मार्क्सवादाची कास धरली. आपल्याकडे उस्मानाबादचे भाई उद्धवराव पाटील आणि कंधारचे भाई केशवराव धोंडगे बोलायला उभे राहिले की सभागृह कान टवकारायचं. पण जेधे-मोरे १९५४ मध्येच काँग्रेसमध्ये परतले. नंतर यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण आलं. त्यात शेकापची माणसं काँग्रेसमध्ये गेली, हे सगळे सांगतात. माणसांबरोबर मागण्याही गेल्या, हे कमी जण सांगतात. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा, १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी. विरोधकानं ज्यासाठी मोर्चे काढले, तेच सत्ताधाऱ्यानं थोडं पातळ करून स्वतःच्या नावावर केलं. मोठा पक्ष असाच जगतो. आणि विरोधकांनाही सत्तेची घाई होतीच. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात काँग्रेसमधून फुटलेला शरद पवारांचा गट, जुना जनसंघ पोटात असलेला जनता पक्ष आणि शेकाप एकाच मंत्रिमंडळात बसले.

मतदाराच्या मागे लागण्यापेक्षाही खोल असं दुसरं एक कारण आहे, आणि ते मराठवाड्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठं दिसत असेल. ज्याच्याशी लढायचं, त्याचीच हत्यारं हातात घ्यावी लागतात. काँग्रेसची ताकद भाषणात नव्हती. साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था यांत होती. कारखान्यात पोराला चिकटवता येतं, कुणाचा ऊस आधी न्यायचा हे ठरवता येतं, बँकेतून पीककर्ज देता येतं. गोपीनाथ मुंडे या सहकारातल्या मिरासदारीविरुद्ध बोलत मोठे झाले. पक्षाचे संघटक वसंतराव भागवत यांनी आखलेल्या वाटेनं माळी, धनगर, वंजारी समाजाला जोडत त्यांनी भाजपची शेटजी-भटजींचा पक्ष ही ओळख पुसली. ते काम मोठं होतं, ते मी मान्य करते. पण बीड जिल्ह्यात पाय रोवायचे तर कारखान्याशिवाय भागत नाही, म्हणून परळीजवळ पांगरीला वैद्यनाथ कारखाना उभा राहिला. कारखाना आला की ऊसतोडीच्या टोळ्या, मुकादम, उचल, बँक, थकबाकी आणि सरकारची हमी हे सगळं मागून येतं. मग त्या पक्षाच्या आमदाराची सकाळ दुसऱ्या पक्षाच्या आमदाराच्या सकाळीसारखीच सुरू होते.

एका तालुक्याच्या गावी मी एका पुढाऱ्याचं संपर्क कार्यालय पक्षांतराच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पाहिलं. दारावरच्या पाटीचा रंग बदलला होता, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या होत्या. टेबल तेच, शिफारसपत्रं लिहिणारा पोरगा तोच, बाकावर बसलेली माणसंही तीच : एकाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, एकीच्या सुनेची बदली, एकाचं विहिरीचं अनुदान अडकलेलं. पोरानं फक्त लेटरहेडचा नवा गठ्ठा काढला होता. विचार बदलला की नाही, हा प्रश्न तिथं कुणाला पडलेलाच नव्हता, कारण त्या बाकावरच्या माणसाचं काम कुठल्याही पाटीखाली तेच राहणार होतं.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही; त्यामुळे तिकीट वाटताना सगळे पक्ष ‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून यायची ताकद, बघतात आणि फिरून फिरून त्याच पाच-दहा घरांच्या दारात जातात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आमदाराला व्हीपच्या बाहेर मत देता येईनासं झालं. २००३ मध्ये एक-तृतीयांश फुटीची वाटही बंद झाली. एकटा आमदार सभागृहात वेगळं बोलून उभा राहू शकत नाही. जायचं तर गठ्ठ्यानं जायचं, जसं २०२२ आणि २०२३ मध्ये गेले. आणि रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञानं १९११ मध्येच सांगून ठेवलं होतं की समतेच्या घोषणा देणारा पक्षसुद्धा मोठा झाला की मूठभरांच्या हातात जातो. त्यांनी तेव्हाचा जर्मनीतला समाजवादी पक्ष तपासला होता. आपल्याकडे कुठलाही तपासा.

मात्र सारखे होणं हेच वाईट, असं मी म्हणणार नाही. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं तुमच्या गावात अजून असतील. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना संघटित करून शेकाप, लाल निशाण पक्ष, समाजवादी मंडळींनी काम मागण्याचा हक्क लावून धरला. काँग्रेसच्याच वि. स. पागे यांनी त्याची योजना बांधली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा सर्व पक्षांच्या पाठिंब्यानं झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला, तेव्हा सरकार पुलोदचं होतं. सरकार बदललं, कायदा टिकला. २००५ मध्ये तो देशाचा झाला. सगळे पक्ष सारखे झाले, पण लोकांनी ओढून आणलेल्या जागेवर येऊन सारखे झाले. त्याचा अभिमान मला आजही वाटतो.

म्हणून सारखे आहेत का, यापेक्षा कशाबाबत सारखे आहेत ते विचारा. आणि कशाबाबत सगळे मिळून गप्प आहेत, ते त्याच्याही आधी विचारा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं होतं. तरी मांजरा खोऱ्यात ऊस किती असावा, सगळा ठिबकवर का नसावा, हे बोलून मतं मागायला मोठ्या पक्षांपैकी कुणी आलेलं मी पाहिलं नाही. कसे येतील? कारखाने दोन्हीकडे आहेत.

प्रश्न : बाई, पक्ष सारखे होतात असं तुम्ही नेहमी सांगता. मग अमेरिकेत ते एकमेकांपासून इतके लांब का गेले? आणि आपल्याकडे सारखे असतील, तर गावागावात एवढं वैर कुठून आलं?
— राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : नेमक्या जागी बोट ठेवलंस. हॉटेलिंगचा रस्ता सरळ आहे, टपऱ्या दोनच आहेत आणि गिऱ्हाईक कधी रुसत नाही. यातलं एक जरी बदललं तरी निकाल बदलतो. १९५० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीनं तक्रार केली होती की आपले दोन्ही पक्ष इतके सारखे आहेत की मतदाराला निवड करता येत नाही. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू डेमोक्रॅट सोडून गेले, आणि १९७० च्या दशकापासून उमेदवार ठरवायचं काम प्राथमिक निवडणुकांतल्या कडव्या समर्थकांच्या हाती आलं. मागचं गिऱ्हाईक रुसायला लागलं, तसे पक्ष टोकाकडे गेले. ब्रिटनमध्ये उलट झालं. मजूर पक्ष १९७९ पासून लागोपाठ चार निवडणुका हरला आणि १९९५ मध्ये त्यानं उद्योगांच्या सार्वजनिक मालकीचं कलमच पक्षाच्या घटनेतून काढून टाकलं. म्हणजे सारखं होणं हा निसर्गनियम नाही. कोण पक्षाला शिक्षा करू शकतो, यावर ते ठरतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नानं मला झोप लागत नाही. धोरणात फरक उरला नाही की पक्षांना फरक दुसरीकडे दाखवावा लागतो, आणि तो मिळतो जातीत, धर्मात, नावांत. मराठा आरक्षणाचं बघ. २०१४ मध्ये काँग्रेस आघाडीनं अध्यादेशानं १६ टक्के दिलं, २०१८ मध्ये फडणवीस सरकारनं कायदा केला, तो २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये शिंदे सरकारनं १० टक्क्यांचा नवा कायदा केला. २०१८ आणि २०२४ ची दोन्ही विधेयकं एकमतानं मंजूर झाली. सभागृहात एकमत होतं आणि बीड जिल्ह्यात मराठा नि ओबीसी एकमेकांच्या दुकानात जाईनासे झाले. माझं माहेर त्याच जिल्ह्यात आहे. ज्या किराणा दुकानातून आमच्या तीन पिढ्यांनी उधारीवर तेल-मीठ आणलं, तिथून सामान आणू नकोस म्हणून माझ्या भावजयीला गल्लीतल्या पोरांनी सांगितलं. ती तरीही त्याच दुकानात गेली, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. पण पन्नाशीच्या बाईला तेल आणायला धीर गोळा करावा लागावा, हे कुणाच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं नव्हतं.

शहराच्या नावाचंही तसंच. २९ जून २०२२ ला महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळानं औरंगाबादचं नाव संभाजीनगर करायचं ठरवलं. त्या मंत्रिमंडळात काँग्रेस होती, राष्ट्रवादी होती. १६ जुलैला नव्या सरकारनं ‘छत्रपती’ जोडून तोच निर्णय पुन्हा घेतला. तीन आठवड्यांच्या आत दोन विरोधी सरकारांनी एकच काम केलं, आणि श्रेय कुणाचं यावर मात्र महिनोन् महिने भांडण चाललं. परीक्षेत हे उदाहरण लिही. सिद्धांताच्या दोन्ही बाजू त्यात येतात.

प्रश्न : सगळे सारखे म्हणून मी नोटाचं बटण दाबतो. चूक आहे का?
— औसा, जि. लातूर

उत्तर : चूक नाही, पण त्याचा वापर नीट कळायला हवा. तुमच्या शेजारच्या लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ मध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांच्या वर मतं घेऊन, आणि जागा सुटलेल्या शिवसेनेचा उमेदवार तिसऱ्या. सगळ्या देशात त्याची बातमी झाली. निवडणुकीवर परिणाम मात्र शून्य, कारण विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रात नगरपालिकांना वेगळं आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार तिथं नोटाला सर्वात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. तेव्हा तुमचं बटण नगरपालिकेला खरं चालतं, विधानसभेला नाही.

विधानसभेला दुसरा एक मार्ग आहे, त्याला मेहनत लागते. आधीच्या प्रश्नांत आलेली कामं घ्या : खरेदी केंद्र कधी उघडणार, बारदाना किती, मांजऱ्याचं पाणी आधी कुणाला. गावातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्यांनी ती लेखी द्या, सगळ्या उमेदवारांना एकच कागद, आणि उत्तरही लेखीच मागा. अर्ज भरताना उमेदवार जे शपथपत्र देतो, त्यात त्याची मालमत्ता आणि थकीत कर्जं असतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. कारखाना कुणाचा आणि बँकेचं देणं कुणाचं, हे वाचून झाल्यावर ऊस आणि पाणी यांवरचं त्यांचं उत्तर वाचा. ज्यांनी उत्तरच दिलं नाही, त्यांची नावं चावडीच्या फळ्यावर लिहा आणि मतदानाच्या दिवसापर्यंत पुसू देऊ नका.